चित्र पेटीत घालण्याआधी कॅनव्हासची वारंवारता मोजा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मोठी चित्रप्रदर्शने एका शहरातून दुसऱ्या शहरात किंवा एका देशातून दुसऱ्या देशात जातात, तेव्हा वृत्तपत्रांतून त्यांच्याविषयी बरेच काही छापून येते. चित्रांचा विमा किती रकमेचा उतरवला, पहारा कसा ठेवला, दालनात आर्द्रता किती टक्क्यांवर राखली, प्रेक्षकांची गर्दी किती झाली, हे सगळे वाचकांना कळते. त्या प्रवासात चित्राला प्रत्यक्ष काय सोसावे लागले, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. कंपनशास्त्र हा अभियंता या नात्याने माझा रोजचा विषय असल्यामुळे ही उणीव मला सतत खुपत आली आहे. चित्र संग्रहालयाबाहेर पडताना त्याच्याबरोबर जो स्थिती-अहवाल जातो, त्यात लांबी, रुंदी, माध्यम, भेगा, ओरखडे, पूर्वीच्या दुरुस्त्या अशा सर्व नोंदी असतात. परंतु त्या कॅनव्हासची स्वाभाविक वारंवारता किती, म्हणजे हलवून सोडल्यावर तो सेकंदाला किती आंदोलने घेतो, आणि एकदा हलल्यावर तो किती वेळात शांत होतो, हे दोन आकडे त्यात नसतात. ते असावेत, आणि ते पाहिल्याशिवाय पेटीचा आराखडा करू नये, अशी माझी मागणी आहे. ती सविस्तर मांडण्यासाठी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात थोडी अधिक जागा द्यावी, ही विनंती.

कॅनव्हासवरचे तैलचित्र म्हणजे रचनेच्या दृष्टीने एक ताणलेले पटल असते. लाकडी चौकटीवर लिननचे (जवसाच्या तंतूंचे) किंवा कापसाचे कापड ताणून बसवलेले असते, त्यावर सरसाचा पातळ थर, त्यावर अस्तर, मग रंगाचे थर आणि सर्वांत वर व्हार्निश. अशा ताणलेल्या पटलाच्या कंपनाचे गणित ऑयलर यांनी अठराव्या शतकातच हाती घेतले होते आणि आज ते अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते. त्याचा गाभा असा की पटलाची स्वाभाविक वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात वाढते, दर चौरस मीटरच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते आणि चित्राचा आकार दुप्पट झाला की निम्मी होते. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असे चित्र घेऊ. त्याच्या कडेच्या दर मीटरवर २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलो वजनाएवढा ताण आहे आणि कापड व रंग मिळून दर चौरस मीटरला १ किलो भरतात, असे धरले, तर सर्वांत खालची वारंवारता १० हर्ट्झ येते. म्हणजे असे चित्र हलवून सोडले की सेकंदाला दहा आंदोलने घेते. त्याच ताणाचे अर्ध्या मीटरचे चित्र २० हर्ट्झवर डोलते आणि दोन मीटरचे ५ हर्ट्झवर. प्रत्यक्षात हे आकडे आणखी खाली उतरतात, कारण कॅनव्हासला स्वतःबरोबर दोन्ही बाजूंची हवाही हलवावी लागते, आणि मोठ्या पण हलक्या पटलाच्या बाबतीत त्या हवेचा भार दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. नुसत्या गणितावर न थांबता मोजमाप करावे, असे मी म्हणतो त्याचे हे पहिले कारण.

आता चित्र ज्या वाहनातून जाते ते पाहू. एअर सस्पेन्शनच्या ट्रकचा तळ साधारण १ ते २ हर्ट्झवर वरखाली होतो, पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या ट्रकचा ३ ते ५ हर्ट्झच्या आसपास, आणि चाके व आस यांचे उसळणे साधारण १० ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात पडते. या यादीशेजारी वरचे आकडे ठेवले की संकट कुठे आहे ते दिसते: मध्यम आणि मोठ्या आकाराच्या चित्रांच्या स्वाभाविक वारंवारता नेमक्या त्याच पट्ट्यात येतात ज्यात वाहन सर्वांत जास्त हलते. दोन्ही वारंवारता जुळल्या की अनुनाद होतो, आणि मग कॅनव्हासची हालचाल ट्रकच्या हालचालीच्या कितीतरी पट वाढते. किती पट, हे चित्राच्या अवमंदनावर, म्हणजे कंपन आपल्यातच जिरवण्याच्या त्याच्या क्षमतेवर ठरते. हलवून सोडलेल्या कॅनव्हासचा झोका पाच आंदोलनांत निम्मा होत असेल, तर अनुनादाच्या वेळी हालचाल सुमारे २३ पट होते. एकाच आंदोलनात निम्मा होत असेल, तर साडेचार पट. ट्रकच्या तळाचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या फक्त एक दशांश असले, तरी पहिल्या चित्राच्या मध्यभागाला गुरुत्वीय त्वरणाच्या दुपटीहून अधिक त्वरण सोसावे लागते आणि १० हर्ट्झला तो भाग दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटरहून अधिक हलतो. दुसऱ्या चित्राला त्याच रस्त्यावर याचा जेमतेम पाचवा हिस्सा सोसावा लागतो.

पिकासो यांचे १९३७ मधील 'गेर्निका' हे चित्र ३.४९ मीटर उंच आणि ७.७७ मीटर रुंद आहे. वर घेतलेला ताण आणि वस्तुमान या आकाराला लावून पाहिले, तर सर्वांत खालची वारंवारता २ हर्ट्झच्या थोडी वर येते. म्हणजे लहान चित्रांसाठी जे वाहन सर्वांत सौम्य मानले जाते, त्याच एअर सस्पेन्शनच्या ट्रकच्या उसळीजवळ ही वारंवारता जाऊन बसते. हे चित्र पूर्वी कित्येकदा गुंडाळून प्रदर्शनांसाठी फिरवले गेले आणि त्याच्या रंगथरांनी त्याची किंमत मोजली. १९९२ पासून ते माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे, आणि ते उसने देण्यास संग्रहालय सातत्याने नकार देत आले आहे. त्या नकाराकडे अनेकांनी राजकीय हट्ट म्हणून पाहिले. माझ्या मते यांत्रिकीच्या कसोटीवर तो निर्णय पूर्णपणे योग्य आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण भीती पसरवण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. एक मीटरच्या कॅनव्हासचा मध्य पाच मिलिमीटर सरकला, तर कापडाची लांबी वाढते सुमारे ०.००६ टक्के, त्यात एक मिलिमीटर जाडीच्या थराच्या वाकण्यामुळे पृष्ठभागावर येणारी विकृती (म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत होणारा ताणाताणीचा बदल) मिळवली, तरी एकूण ०.०१ टक्क्याच्या आतच राहते. रंग, सरस आणि अस्तर यांच्यासाठी संवर्धनशास्त्रात सुरक्षित मर्यादा म्हणून ०.४ टक्के हा आकडा वापरला जातो. त्याचा हा चाळिसावा भागही नाही. चित्रांच्या वाहतुकीवर १९९१ मध्ये लंडनला एक मोठी परिषद झाली होती. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेतील मॅरियन मेक्लेनबर्ग आणि इतर संशोधकांच्या त्या काळातील कामाचा रोखही असाच होता की धडधाकट चित्राला नेहमीच्या प्रवासातल्या कंपनांपेक्षा कोरड्या हवेत आक्रसणारा सरस आणि थंडीत ठिसूळ होणारा रंग हेच अधिक घातक ठरतात. हा निष्कर्ष मला मान्य आहे. माझी हरकत आहे ती त्याचा अर्धाच भाग लक्षात ठेवून 'कंपनाने काही होत नाही' असे म्हणणाऱ्यांना. त्या निष्कर्षातला 'धडधाकट' हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि ज्या चित्रांसाठी प्रदर्शने भरतात त्यांतली बरीचशी वयाने जुनी, पूर्वी दुरुस्त झालेली आणि जागोजागी सुटलेली असतात.

नुकसान नेमके कोठून सुरू होते, हे चित्राच्या जवळ गेल्याशिवाय कळत नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च चित्राच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला, तर समोरून सपाट दिसणारा रंग वेगळाच दिसू लागतो. भेगांच्या जाळ्यातल्या प्रत्येक तुकड्याच्या कडा किंचित वर वळलेल्या असतात आणि त्यांची बारीक सावली पडते. काही ठिकाणी तुकडा फक्त मधोमध अस्तराला धरून असतो, तर काही ठिकाणी दोन तुकडे एकमेकांना रेटून तंबूसारखे उभे राहिलेले असतात. अशा खपलीला सरासरी विकृतीच्या गणिताने दिलासा मिळत नाही. तिच्या दृष्टीने प्रश्न असतो तो दर आंदोलनाला तिच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पट जोराने, एकदा पुढे आणि एकदा मागे, ती खेचली जाण्याचा; आणि ती ज्या अरुंद जागेवर टिकून आहे तेथे सगळे प्रतिबल, म्हणजे आतला ताण, एकवटण्याचा. १० हर्ट्झ म्हणजे तासाला ३६,००० आंदोलने. दहा तासांच्या प्रवासात ही संख्या साडेतीन लाखांवर जाते. एका झटक्यात न सुटणारी वस्तू लाखो बारीक हिसक्यांनी सुटते, हे पूल आणि विमाने बांधणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

दुसरी नाजूक जागा म्हणजे कड. मध्यभागी कॅनव्हास मोठ्या, सावकाश वळणाने वाकतो. पण जेथे तो लाकडी चौकटीला टेकतो, तेथे सगळे वळण दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्टीत कोंबले जाते. रंग जाड आणि कडक झालेला असेल, तर या पट्टीतली वाकण्याची विकृती मधल्या भागाच्या दहापटींहून अधिक भरू शकते. त्यातच कॅनव्हास सैल असेल, तर तो चौकटीच्या पट्ट्यांवर आणि मधल्या आडव्या दांडीवर आपटू लागतो. जुन्या चित्रांवर कडेपासून ठराविक अंतरावर, चौकटीच्या पट्टीला समांतर जाणारी सरळ भेग अनेकदा दिसते, तिच्यामागे हीच आतली कड असते. चित्राच्या पाठीमागे, खालच्या पट्टीच्या आणि कॅनव्हासच्या फटीत, डोकावून पाहावे. कोपऱ्यांतून गळून पडलेली लाकडी पाचर, खिळ्याचे तुटलेले डोके, प्लॅस्टरचे खडे आणि वर्षानुवर्षांची धूळ तेथे साचलेली असते. पाचर फटीत अडकली की समोरून फुगवटा दिसतो, आणि चित्र ट्रकमध्ये चढले की ती पाचर प्रत्येक आंदोलनाला आतून त्याच जागी ठोकत राहते. प्रवासापूर्वी ही फट मऊ ब्रशने साफ करणे आणि पाचरी दोऱ्याने बांधून ठेवणे, एवढ्याने एक धोका पूर्णपणे टळतो. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

उपायांपैकी ज्यावर मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते, तो म्हणजे चित्राच्या पाठीमागे लावायचा बोर्ड. बहुतेक संग्रहालये तो धूळ आणि बोटे यांपासून रक्षण म्हणून लावतात. त्याचे यांत्रिक कार्य त्याहून मोठे आहे. चौकटीच्या मागे ताठ बोर्ड घट्ट बसवला, की कॅनव्हास आणि बोर्ड यांच्यामध्ये हवेची एक पातळ बंद पोकळी तयार होते. कॅनव्हास आत सरकला की ती हवा दाबली जाते, बाहेर गेला की विरळ होते, आणि हवा दोन्ही वेळा त्याला परत ढकलते. पोकळी दोन सेंटिमीटरची आणि खरोखरच हवाबंद असेल, तर या हवेची ताठरता वर घेतलेल्या एक मीटरच्या कॅनव्हासच्या स्वतःच्या ताठरतेपेक्षा हजार पटींनी अधिक भरते. प्रत्यक्षात बोर्ड थोडा वाकतो, फटींतून हवा निसटते, म्हणून एवढा लाभ कोणालाच मिळत नाही. परंतु फटींतून घासत जाणारी ती हवाच कंपनाची ऊर्जा खाते आणि अवमंदन वाढवते. म्हणजे थोडीशी गळतीही उपयोगाची ठरते. मधला भाग पुढेमागे करणारे, सर्वांत मोठ्या झोक्याचे जे पहिले कंपन, ते अशा बोर्डाने एकतर वरच्या वारंवारतेकडे सरकते किंवा पुरते मंदावते.

याला एक अपवाद आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. कॅनव्हासचा डावा अर्धा भाग पुढे आणि उजवा मागे, असे जे कंपन असते, त्यात पोकळीचे एकूण आकारमान बदलतच नाही. हवा नुसती एका बाजूकडून दुसरीकडे सरकते. एक मीटरच्या चित्रात हे कंपन साधारण १६ हर्ट्झला येते आणि बोर्ड त्याला फारसा अडवू शकत नाही. म्हणूनच पोकळीत पॉलिएस्टरच्या तंतूंची सैल गादी ठेवतात. तिने कॅनव्हासला जेमतेम स्पर्श करावा, दाबू नये. तिच्यातून हवेला वाट काढावी लागते आणि त्या घर्षणात हेही कंपन विझते. बोर्ड बाहेरच्या नक्षीदार फ्रेमला न लावता चौकटीलाच लावावा, आणि तो स्क्रूने, हाताच्या स्क्रूड्रायव्हरने बसवावा. ज्या चित्राला धक्क्यापासून वाचवायचे, त्याच्याच चौकटीत हातोडीने खिळे ठोकणे, हे मी पाहिले आहे आणि ते पाहून वाईट वाटते. हातोडीचा एक घाव त्या लाकडाला जे त्वरण देतो, ते संपूर्ण रस्ता देत नाही.

दुसरा उपाय पेटीचा आहे, आणि येथे सद्हेतूने केलेली चूक सर्वांत जास्त आढळते. जितका फोम अधिक तितके चित्र सुरक्षित, अशी समजूत रूढ आहे. फोम म्हणजे स्प्रिंग. त्यावर चित्र ठेवले की तो किती दबतो, यावरून पेटीतल्या चित्राची स्वतंत्र वारंवारता ठरते. एक सेंटिमीटर दबला तर ती ५ हर्ट्झ, अडीच मिलिमीटर दबला तर १० हर्ट्झ. हलक्या चित्राखाली फोमचे मोठे क्षेत्र दिले, तर तो दबतच नाही, फळीसारखा ताठ राहतो आणि रस्त्याचे कंपन जसेच्या तसे आत पोचवतो. आणि दुर्दैवाने तो अडीच मिलिमीटरच्या आसपास दबला, तर आधी पेटी कंपन वाढवणार आणि मग तेच वाढलेले कंपन १० हर्ट्झचा कॅनव्हास आणखी वाढवणार. अवमंदन थोडे असेल, तर पेटीची वारंवारता कॅनव्हासच्या निम्मी ठेवली असता कॅनव्हासपर्यंत पोचणारे कंपन एक तृतीयांशावर येते. म्हणजे १० हर्ट्झच्या चित्रासाठी एक सेंटिमीटर दबणारा आधार हवा, आणि त्यासाठी फोमची घनता, जाडी आणि क्षेत्रफळ चित्राच्या वजनावरून काढले पाहिजे. फोम बनवणारे यासाठीचे आलेख प्रसिद्ध करतात. ते वाचणारा माणूस पेटी बनवताना हजर असायला हवा, इतकेच.

धक्क्याचा हिशोब वेगळा आहे आणि तोही करावा लागतो, कारण पेटी हातातून निसटू शकते. ७५ सेंटिमीटरवरून पडलेली पेटी पाच सेंटिमीटरच्या अंतरात सावकाश थांबली, तर चित्राला सरासरी १५ g, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या १५ पट, एवढे मंदन सोसावे लागते. तीच पेटी पाच मिलिमीटरमध्ये थांबली तर १५० g. कंपनासाठी मऊ आधार हवा आणि धक्क्यासाठी थांबायला पुरेसे अंतर हवे, या दोन गरजा जाड पण अचूक भार दिलेल्या फोमने एकत्र भागवता येतात. मात्र चित्राचे वजन, वारंवारता आणि पेटी किती उंचीवरून पडण्याची शक्यता आहे, हे आधी ठाऊक असले पाहिजे. माझ्या अनुभवात सर्वांत वाईट हिसके लांबच्या महामार्गावर बसत नाहीत. लहान, कडक चाकांच्या गाड्यावरून पेटी उंबरठ्यावरून, फरशीच्या सांध्यांवरून आणि विमानतळाच्या डांबरीवरून ढकलली जाते तेव्हा ते बसतात. विमान हवेत असताना चित्र तुलनेने निवांत असते.

ट्रकमध्ये चित्र उभेच ठेवावे, हा नियम जुना आहे आणि त्याचे कारण साधे आहे: रस्त्याचे सर्वांत जोरदार कंपन उभ्या दिशेत असते, आणि उभ्या चित्रात ते पटलाच्या प्रतलातच राहते, पटलाला पुढेमागे हलवत नाही. चित्र प्रवासाच्या दिशेला समांतर उभे केले, तर ब्रेकचा हिसकाही प्रतलातच जिरतो. खपल्या आधीच सुटलेल्या असतील, तर संवर्धक ते चित्र तोंड वर करून आडवे नेण्याचा निर्णय घेतात, आणि तो त्यांचाच अधिकार आहे. पण मग कॅनव्हास उभ्या कंपनाच्या थेट वाटेत येतो, हे धरून त्याच्यासाठी वेगळा आधार द्यावा लागतो.

एकदा मोजलेली वारंवारता कायमची नसते. चर्मवाद्याचा स्वर दमट हवेत उतरतो तसाच कॅनव्हासचाही ताण हवेबरोबर बदलतो: हवा कोरडी झाली की सरसाचा थर आक्रसून ताण वाढवतो, दमट झाली की तो फुगून सैल पडतो, आणि आर्द्रता फारच वाढली तर सूतच फुगून कापड पुन्हा आखडते. ताण चौथाईवर आला की वारंवारता निम्मी होते. म्हणजे एका हवामानात पेटीला पुरेशी दूर असलेली वारंवारता दुसऱ्या हवामानात नेमकी तिच्यावर येऊन बसू शकते. शिवाय ताण सगळीकडे सारखा नसतो. रेम्ब्रांट यांचे १६४२ मधील 'नाइट वॉच' २००३ ते २०१३ या काळात, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या नूतनीकरणामुळे, दुसऱ्या दालनात टांगलेले होते, आणि त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात कॅनव्हासला लाटा पडल्या. २०२२ च्या जानेवारीत ते जुन्या लाकडी चौकटीवरून उतरवून नव्याने ताणण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा लाटा डोळ्यांना खटकतात तेवढाच प्रश्न नसतो. लाट जेथे असते तेथे ताण हरवलेला असतो, आणि चित्राचा तो भाग बाकीच्या भागापेक्षा वेगळ्या, खालच्या वारंवारतेवर हलतो. आर्द्रता राखणारे आणि कंपन मोजणारे यांनी एकमेकांशी बोलले पाहिजे ते यासाठी.

चित्र भिंतीवरच असले म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. शेजारच्या दालनात भिंतीला भोके पाडणे, आवारात खोदकाम, दालनात मोठ्या आवाजाचे कार्यक्रम, हे सगळे कॅनव्हासपर्यंत पोचते. ध्वनीचे उदाहरण घ्या. १०० डेसिबलचा आवाज म्हणजे २ पास्कल दाब. एक चौरस मीटरच्या, एक किलोच्या पटलावर तो दोन न्यूटनचा जोर लावतो, आणि खालच्या पट्टीतले ढोलाचे ठोके त्या पटलाच्या वरच्या कंपनरूपांशी जुळले, तर कॅनव्हासला बोट लावले असता थरथर जाणवते. बांधकामासाठी जर्मन मानक डीआयएन ४१५० मध्ये संवेदनशील जुन्या वास्तूंच्या पायाशी १० हर्ट्झपर्यंत सेकंदाला ३ मिलिमीटर अशी वेगमर्यादा सुचवली आहे, आणि अनेक ठिकाणी तीच चित्रांसाठीही पुरेशी मानली जाते. ती मर्यादा भिंतीला तडा जाऊ नये म्हणून आहे. भिंतीवरच्या चित्राची स्वतःची वाढवण्याची क्षमता तिच्यात धरलेली नाही, म्हणून बांधकाम सुरू होण्याआधी मापन भिंतीपुरते न ठेवता चित्राच्या चौकटीवरही करावे.

मापन अवघड नाही. कॅनव्हासवर कोणताही संवेदक चिकटवू नये. त्याने रंगाला धोका होतो आणि हलक्या पटलावर त्याच्या वजनाने वारंवारताही बदलते. चौकटीच्या लाकडावर एक छोटा त्वरणमापक आणि कॅनव्हासकडे रोखलेला, स्पर्श न करणारा लेसर विस्थापनमापक एवढे पुरते. मीटरभर अंतरावर ठेवलेल्या ध्वनिवर्धकातून मंद आवाजात खालच्या वारंवारतेपासून वरपर्यंत सावकाश जायचे, कॅनव्हास कोठे सर्वांत जास्त हलतो ते टिपायचे, मग आवाज एकदम बंद करून झोका किती आंदोलनांत निम्मा होतो ते मोजायचे. हालचाल मिलिमीटरच्या दशांशापलीकडे जाऊ देण्याची गरज नसते. ज्या चित्राच्या खपल्या सुटलेल्या आहेत, त्याची आधी संवर्धकाने पक्की तपासणी आणि दुरुस्ती करावी, मगच हे मापन.

काही संवर्धकांची शंका मी ऐकली आहे आणि ती आदराने नोंदवतो. प्रत्येक चित्र वेगळे असते, आणि एक आकडा लिहिला की लोक त्याच्या भरवशावर डोळे मिटून प्रवासाला परवानगी देतील, अशी ती शंका आहे. भीती रास्त आहे. पण आज परवानगी देताना आकडाच नसतो, आणि निर्णय अनुभव, दडपण आणि संस्थांमधील संबंध यांवर होतो. आकड्यामुळे संवर्धकाला 'नाही' म्हणण्यासाठी कागदावरचा आधार मिळतो. चित्र जाऊ द्यायचे की नाही, हा शब्द शेवटी त्याचाच राहावा, अभियंत्याचा नव्हे.

तेव्हा संग्रहालयांना, चित्रे उसनी देणाऱ्या-घेणाऱ्या संस्थांना आणि विमा कंपन्यांना माझी ठोस सूचना अशी आहे. स्थिती-अहवालात पहिली स्वाभाविक वारंवारता, झोका निम्मा होण्यास लागणारी आंदोलने, आणि ते मापन करताना असलेली आर्द्रता व तापमान, या नोंदी सक्तीच्या कराव्यात. पेटी बनवणाऱ्याने त्या पाहून पेटीची वारंवारता लेखी द्यावी. प्रवासात चौकटीवर त्वरणाची सतत नोंद ठेवणारे यंत्र असावे, आणि चित्र परत आल्यावर तेच मापन पुन्हा करावे. वारंवारता खाली आली असेल तर ताण गेला आहे आणि आंदोलने अधिक काळ टिकत असतील तर पाठीमागचा बोर्ड किंवा गादी सुटली आहे, हे चित्र भिंतीवर चढण्याआधीच कळेल. यंत्राची नोंद आज बहुधा वाहतूकदाराकडे किंवा विमा कंपनीकडे राहते. ती चित्राच्या अहवालाला जोडून संवर्धकाच्या हाती द्यावी, आणि चित्राचे व मालकाचे नाव वगळून इतर संग्रहालयांनाही खुली करावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, यांत्रिकी अभियंता